काळा लेप

३ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी मी नखाएवढी जागा पुसली आणि सगळं म्युझियम माझ्या टेबलाभोवती गोळा झालं.

युनिव्हर्सिटीच्या म्युझियममधली इजिप्तची खोली एप्रिलमध्ये नव्याने उघडायची आहे. त्यासाठी स्टोअरमधून एक लाकडी चेहरा माझ्याकडे आला आहे. शवपेटीच्या झाकणावरचा, सुमारे अठ्ठावीसशे वर्षं जुना. रॉस हॅडनच्या आजोबांनी १९१५ साली कैरोच्या बाजारात घेतला. तेव्हा तिथे तळ ठोकून असलेले बरेच ऑस्ट्रेलियन सैनिक असं काहीबाही घ्यायचे. रॉसच्या घरी तो आयुष्यभर शेकोटीच्या वर टांगलेला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने तो आम्हाला दिला, आणि या खोलीचा खर्चही तोच देतोय, तिच्या समितीवरही आहे. चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत काळा, जाड, चकचकीत. शेकोटीवर होता म्हणजे काजळी, असं सगळे धरून चालले होते. मीही.

वस्तू साफ करण्याआधी एक छोटा चौकोन पुसून बघायचा, ही आमची कामाची पद्धत. कडेला रंग सुटा होता म्हणून मी गालावर पुसला. कापसाची काडी द्रावकात बुडवली, दोन-तीनदा फिरवली, आणि खालून पिवळाजर्द गाल वर आला.

"गोल्ड!" खोलीचा डिझायनर म्हणाला.

"सोनं नाही, हरताळ आहे. पिवळा दगड वाटून केलेला रंग."

कुणी ऐकलं नाही. रॉस आज योगायोगाने आला होता. एक्याऐंशीचा आहे. काठी टेकत वाकला आणि गाल जवळून बघितला. मग म्हणाला, "लहानपणी मी याला फार घाबरायचो. आतमध्ये हा असा होता होय."

माझी बॉस कर्स्टन दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "यामिनी, आज इथेच थांबव." मला राग आला. मी थांबणारच होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ही काजळी नाही.

काजळी खालून वर चढते, भुरभुरीत बसते. हे वरून खाली आलं आहे. कपाळाच्या मधोमध सगळ्यात जाड, तिथून नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओघळ, आणि हनुवटीखाली एक थेंब लोंबता लोंबता गोठलेला. कुणीतरी उभं राहून हे ओतलं आहे. पेटी आडवी असती तर ओघळ कानांकडे गेले असते. पेटी उभी होती. अंत्यविधीत ती उभी करत, हे आपण पुस्तकात वाचतो, पण मी ते आज थेंबात पाहिलं.

आणि मला आमचा भैरोबा आठवला. शेंदूर तेलात कालवून लावलेला, थरावर थर, नाक-डोळे बुजलेले, खाली तेलाचे ओघळ. गावच्या भैरोबाला कुणी "मळलाय, पुसून काढा" म्हणेल का? ती घाण नाही. तो त्याला दिलेला मान आहे. शतकभरापूर्वीच्या म्युझियमवाल्यांनी असे काळे लेप खरवडून काढले, कारण त्यांना खाली चित्रं दिसत होती आणि वर डांबर.

पण मला स्वतःवर भरवसा नाही. सांगलीकडची बाई भैरोबा घेऊन ॲडलेडला येते आणि तिला प्रत्येक चिकट वस्तूत शेंदूर दिसतो, असं तर नाही? पुरावा हवा. केमिस्ट्री विभागाला नमुना पाठवायची परवानगी मागितली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाहेर बेचाळीस डिग्री. घरी येताना मॉसन लेक्स स्टेशनवर उतरले तेव्हा बुटांचे तळवे चिकटत होते.

नमुना अजून गेलेला नाही. कर्स्टनने परवानगीच्या कागदावर सही केली खरी, पण तारीख घालायची विसरली, म्हणून तो परत आला. सफाईसाठीच्या द्रावकाची ऑर्डरही तिच्या टेबलावर पडून आहे. मी म्हटलं, "द्रावक नकोच आहे मला, पण निर्णय तरी घे. समितीची मीटिंग लाव."

"नो वरीज, लावू," ती म्हणाली आणि मला उशब्तींची पाहणी करायला बसवलं. मृताच्या सोबत ठेवायच्या बोटभर बाहुल्या त्या. पन्नासच्या आसपास आहेत, सगळ्या धडधाकट. त्यांना काही झालेलं नाही हे लिहायला मला आठवडा दिला आहे.

रात्री जेवताना हृषीकेशला सांगितलं. तो म्हणाला, "तुझी बॉस फार कामाची बाई दिसते."

"कसली कामाची? काही करतच नाही ती."

"तेच म्हणतोय मी."

हा माणूस वीस वर्षं आयटीत आहे, त्याला सगळंच विनोदी वाटतं. स्वरदा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "Mum, just tell them it's cursed." त्यावर तो खो खो हसला. मी नाही.

५ मार्च, बुधवार

रिपोर्ट आला! वनस्पतीचं तेल, चरबी, झाडाचा चीक, मधमाशीचं मेण, थोडं डांबर. शेकोटीतून मेण कुठून येणार? हा कुणीतरी कढवून केलेला लेप आहे. इजिप्तच्या पेट्यांवर अशाच मिश्रणाचे लेप सापडले आहेत.

धावत कर्स्टनकडे गेले. तिने रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाली, "उत्तम. हा इतक्यात कुणाला ईमेल करू नकोस."

"का?"

"मीटिंगला आणू. तयारीने."

मला हे पटलं नाही. खरं काय ते आज कळलं तर आजच सांगावं. तरी मी पाठवला नाही. नंतर दिवसभर, लपवतोय आपण, असं वाटत राहिलं.

९ मार्च, रविवार

गावाहून विश्रामदादाचा फोन. मीटिंगमध्ये भैरोबाचा फोटो दाखवायचा म्हणून मी त्याच्याकडे मागितला होता. त्याने पाठवला, तर फोटोत भलताच देव. काळ्या दगडाचा, रेखीव, मिशा कोरलेल्या.

"दादा, हा कुठला?"

"आपलाच की! तुला बोललो नाही व्हय? दिवाळीनंतर कवच काढलं. पार भेगा पडल्या होत्या, उंदीर शिरायला लागले. गुरवानं कौल लावला, देवानं उजवा दिला. चार माणसं लागली गं यामे कवच उचलायला."

"आणि खाली हा?"

"खाली हा! म्हातारी माणसं रडली. काका म्हणाले, ऐंशी वर्षं पाया पडलो आणि तोंड आज बघितलं. तू असायला पायजे होतीस."

मी फोटो मोठा करून बघत राहिले. त्याला वाटलं मला रडू आलं.

"फोटो चांगला नाही आला का? दुसरा धाडू?"

नको म्हटलं. गुरुवारी समितीची मीटिंग आहे, आणि माझा सगळा मुद्दा ज्या देवावर उभा होता, त्या देवाच्या माणसांनीच लेप काढला. आनंदाने. वाजतगाजत.

१३ मार्च, गुरुवार

मीटिंग. जसं झालं तसं लिहिते.

आधी रिपोर्ट. मग ओघळांचे फोटो. मग भैरोबाचा जुना फोटो, शेंदरातला. मी म्हटलं, "आमच्याकडे देवाला असं लावतात. त्याला आम्ही घाण म्हणत नाही. या चेहऱ्यावर कुणीतरी अठ्ठावीसशे वर्षांपूर्वी हेच केलं. आपण ते पुसलं तर त्या विधीची उरलेली एकमेव खूण पुसू." रॉस चष्मा काढून फोटो बघत होता. डिझायनरनेही पेन खाली ठेवलं.

कर्स्टन लगेच म्हणाली, "थँक्स यामिनी. फार स्पष्ट झालं. तर मग आपण..."

"माझं संपलं नाही," मी म्हटलं.

"वेळ कमी आहे."

"पण हे सांगायला हवं."

तिने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. चुकून लागला असेल. मी दुसरा फोटो दाखवला. सांगितलं की गेल्याच वर्षी आमच्या गावाने हा लेप काढला, खालून ही मूर्ती निघाली आणि लोकांना आनंद झाला. माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जाणारं आहे, पण मला माहीत असताना तुम्हाला ठाऊक नसणं बरोबर नाही.

पुढचं पाच मिनिटांत झालं. डिझायनर म्हणाला, "म्हणजे तुमची माणसंसुद्धा काढतात!" रॉस म्हणाला, "तुझ्या त्या काकांचं मला अगदी समजतं, लव्ह." मग कुणीतरी मधला मार्ग काढला. उजवी अर्धी बाजू काळी ठेवायची, डावी साफ करायची. लोकांना दोन्ही बघायला मिळेल. फेअर इनफ. सगळ्यांच्या माना हलल्या. नाकाच्या मधून रेघ.

अर्धा चेहरा! काजळी समजून सगळा पुसला असता तर ते अज्ञान होतं. हे कळून-सवरून.

ट्रेनमध्ये बसले आणि तेव्हा सुचलं, जे सकाळीच दिसायला हवं होतं. दादा म्हणाला होता की कवच नदीत सोडलं, देवाला अभिषेक घातला, आणि पुढच्या मंगळवारी गुरवाने पहिलं बोट शेंदराचं लावलं. थर पुन्हा चढायला लागलासुद्धा. लावणारे हात आहेत म्हणून काढणाऱ्या हातांना भीती नाही. इथे लावणारं कोण आहे? इथे निघालेला लेप कापसाला चिकटून घातक कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात जाणार.

वरातीमागून घोडं. नेहमीसारखं.

१७ मार्च, सोमवार

सकाळी पहिलं काम, कर्स्टनला गाठून हे सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"हे गुरुवारी कुठे होतं?"

"सुचलं नव्हतं."

"आणि दुसरा फोटो मात्र सुचला."

मी म्हटलं तो दाखवणं भाग होतं. तिने खुर्ची जवळ ओढली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "हे बघ. समितीने ठरवलंय. काम तुझ्याकडे आहे. समजा, तू लेखी नकार दिलास. तर मला बाहेरचा माणूस शोधावा लागेल. बाहेरचा माणूस शोधायला वेळ लागतो. कळतंय का तुला मी काय म्हणतेय?"

कळलं. धमकी आहे. मी नाही केलं तर दुसरा कुणी करणार, आणि त्याला माझ्याइतकी काळजी नसणार. डोळ्याच्या कडेचा रंग किती ठिसूळ आहे हे मला माहीत आहे. त्याला नसेल. मी केलं तर अर्धा चेहरा नीट जाईल. मी नाही केलं तर वाईट जाईल. यात हात स्वच्छ राहण्याला काय अर्थ? की मी फक्त माझे हात वाचवतेय?

२० मार्च, गुरुवार

नकार दिला. मी शिकले ते परत न येणारं वाचवायला. ते पुसायच्या कामावर मला सही करता येत नाही, एवढंच लिहिलं. हृषीकेश वाचून म्हणाला, "नोकरी गेली तर स्वरदाच्या युनिच्या फीचं मी बघतो, तू उशब्ती बघ." पण मग चहा करून दिला.

कर्स्टनने पत्र घेतलं, म्हणाली, "थँक यू," आणि चक्क हसली. इतकी सुटका झाली तिची माझ्यापासून?

२ एप्रिल, बुधवार

माणूस मिळालेला नाही. कर्स्टनने ब्रिस्बेनची एकच बाई गाठली, ती लाँग सर्व्हिस लीव्हवर, ऑगस्टपर्यंत. मी मेलबर्नच्या दोघांची नावं सुचवली, कारण विचारल्यावर जे माहीत आहे ते सांगायलाच हवं. खरं तर विचारलं नव्हतं. कर्स्टन म्हणाली, "मला दिसली नाहीत ती नावं," आणि चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली.

तर चेहरा आहे तसाच ठेवणार. काळाच.

मला आनंद व्हायला हवा. पण खाली पाटी काय असेल? "ट्रीटमेंट पेंडिंग." म्हणजे हा अजून आंघोळ न केलेला! मी रिपोर्ट आणला, ओघळ दाखवले, आणि हा वाचला तो कुणाला पटलं म्हणून नव्हे, एका बाईची रजा होती म्हणून. पाटी बदला म्हणून तीन ईमेल केले. कर्स्टनचं उत्तर: "पाटी राहू दे, प्लीज." ही बाई स्वतःच्या मताने कधी एक तरी गोष्ट करेल का?

१० एप्रिल, गुरुवार

उद्घाटन झालं. घरी येऊन साडी न बदलता लिहितेय.

खोली सुंदर दिसत होती. चेहरा शेवटच्या काचेत. लोक त्याच्यासमोर थांबत होते, पाटी वाचत होते आणि पुढे जात होते.

रॉस, कर्स्टन आणि मी तिथे उभे होतो. रॉस म्हणाला, "वाईट वाटतं. तो गाल पूर्ण बघायचा होता मला."

कर्स्टन म्हणाली, "सॉरी रॉस. अख्ख्या देशात सध्या हे करणारं कुणी नाही."

"हे खरं नाही," मी म्हटलं. "मला येतं. मी नकार दिला. मेलबर्नलाही दोघं आहेत."

रॉसने माझ्याकडे पाहिलं, मग कर्स्टनकडे. "म्हणजे करता येतं तर."

कर्स्टनने हातातला ग्लास बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला आणि चिप्स आणायला निघून गेली. नंतर माझ्याशी बोलली नाही. खोटं ती बोलली, आणि रुसलीही तीच.

११ एप्रिल, शुक्रवार

तिने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावलं.

"यामिनी, फेब्रुवारीपासून मी त्या चेहऱ्याला वाचवतेय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तारीख कोण विसरतं सहीखाली? मी? मी तुझ्या द्रावकाच्या ऑर्डरवर कॉफीचा मग ठेवून बसले होते दीड महिना. त्या ब्रिस्बेनच्या बाईची रजा कधी आहे हे तिला फोन करण्याआधीच मला माहीत होतं. 'पेंडिंग' म्हणजे काय असतं या युनिमध्ये? माझ्या ऑफिसचा एसी सहा वर्षं पेंडिंग आहे! आणि काल तू दोन वाक्यांत त्याला सांगून टाकलंस."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू कुणाला सांगितलं असतंस?"

सगळ्यांना. मी सगळ्यांना सांगितलं असतं.

रॉसने समितीची मीटिंग मागितली आहे. सहा मेला. दाराशी कर्स्टन म्हणाली, "तुला खोटं बोल असं मी कधीच म्हणणार नाही. मेट, फक्त दर वेळी सगळं बोलू नकोस."

२१ एप्रिल, सोमवार

ईस्टरची सुट्टी. घरात सगळे झोपलेले. मनातल्या मनात काम करून बघितलं: काडी, द्रावक, कपाळापासून सुरुवात. डावी बाजू नीट करायला मला दोन आठवडे लागतील. फार तर तीन. हे मला पक्कं माहीत आहे आणि हेच माहीत असायला नको होतं.

मी खरं बोलते ते कुणासाठी? मार्चमधल्या त्या मीटिंगमध्ये दुसरा फोटो दाखवल्यावर मला किती हलकं वाटलं होतं. चेहऱ्याला काय वाटलं असतं, हे मी तेव्हा विचारलंच नाही.

६ मे, मंगळवार

मीटिंग छोटी होती. भैरोबाचा मुद्दा आज पूर्ण मांडला, लावणाऱ्या हातांसकट. रॉसने नीट ऐकलं. मान हलवली. मग म्हणाला, "समजलं मला. तरी सरळ उत्तर दे, लव्ह. तू केलंस, अर्धाच, सांभाळून. किती वेळ लागेल?"

कर्स्टन समोरच्या कागदावर काहीतरी गिरवत होती. तिने वर पाहिलं नाही. टेबलाखाली पायही लावला नाही.

मी म्हटलं, "सांगणं कठीण आहे, रॉस. आधी खालचा रंग किती धरून आहे ते बघावं लागेल. त्याच्या चाचण्या. त्यांच्या निकालावरून पुढच्या चाचण्या."

"वर्षभर?"

"वर्षात झालं तर मी नशीब समजेन."

प्रत्येक वाक्य खरं आहे. रंग तपासावा लागतो. चाचण्या कराव्या लागतात. सगळं सावकाश केलं तर वर्ष जाऊ शकतं. घरी येईपर्यंत एकेक शब्द उलटून पाहिला, खोटा एकही सापडला नाही. आणि तरी मी आज एका एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला फसवलं, ज्याला लहानपणी भीती वाटलेला चेहरा एकदा बघायचा होता.

रॉसने चष्मा मिटून खिशात ठेवला. मग म्हणाला, "नो वरीज," आणि काठी शोधायला लागला. मी ती खुर्चीमागून काढून दिली. दाराशी थांबून म्हणाला, "चाचण्यांचं काय झालं ते मला नोव्हेंबरमध्ये कळवशील ना?"

मी हो म्हटलं. नोव्हेंबरमध्ये मी त्याला काय सांगणार आहे ते मला आत्ताच माहीत आहे.